डेस्कटॉपचा जुना डीव्हीडी रायटर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साधारण २००४ ते २०१२ या काळात विकल्या गेलेल्या, कॅबिनेटच्या पुढच्या तोंडाला बसणाऱ्या सव्वापाच इंची डीव्हीडी रायटरबद्दलचे हे प्रश्न आहेत. लॅपटॉपचे पातळ ड्राइव्ह आणि ब्ल्यू-रे यांचा उल्लेख गरजेपुरताच आहे. "खराब झाला" म्हणून काढून ठेवलेल्या ड्राइव्हपैकी बऱ्याच जणांचा लेझर ठणठणीत असतो. सैल पट्टा, धुळीची लेन्स, चुकीचा जंपर (मागच्या दोन पिना जोडणारी बारीक टोपी) नाहीतर मुळात वाईट डिस्क, असलं काहीतरी निघतं. म्हणून फेकण्याआधी इथून एकदा फिरून या.

माझा ड्राइव्ह आयडीई आहे की साटा?

ड्राइव्ह मदरबोर्डला जोडण्याच्या या दोन पद्धती: आयडीई जुनी, रुंद केबलची; साटा नवी, अरुंद केबलची. मागच्या बाजूला बघा. ४० पिनांचं रुंद सॉकेट, एका बाजूला चार जाड पिनांचं मोलेक्स पॉवर सॉकेट आणि दुसऱ्या बाजूला जंपरच्या बारीक पिनांच्या तीन जोड्या दिसल्या की तो आयडीई. दोन चपटी, आतून एल आकाराची सॉकेटं असली की साटा: अरुंद ७ संपर्कांचं डेटासाठी, रुंद १५ संपर्कांचं पॉवरसाठी. आयडीईच्या ड्राइव्हला आणखी एक चार पिनांचं छोटं सॉकेट असतं. ते ऑडिओ सीडीचा आवाज थेट साउंड कार्डाकडे नेणाऱ्या वायरचं. विंडोज एक्सपीपासून तो आवाज डेटा केबलमधूनच येतो, त्यामुळे ती वायर नसली तरी काही अडत नाही.

आयडीईचा जंपर कुठे लावू? बायोसमध्ये (पीसी चालू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) ड्राइव्हच दिसत नाही.

एका आयडीई केबलवर दोन उपकरणं बसतात, एक मास्टर आणि एक स्लेव्ह. जंपर कुठे लावायचा हे ड्राइव्हच्या मागच्या पत्र्यावर कोरलेलं किंवा वरच्या स्टिकरवर छापलेलं असतं. केबलवर ड्राइव्ह एकटाच असेल तर मास्टर करा आणि केबलच्या टोकाच्या कनेक्टरला लावा, मधल्याला नको. हार्ड डिस्क आणि रायटर एकाच केबलवर असतील तर हार्ड डिस्क मास्टर, रायटर स्लेव्ह. दोघांचेही जंपर मास्टरवर राहिले तर कधी एकच दिसतो, कधी दोन्ही गायब होतात. बायोसमध्ये ड्राइव्ह न दिसण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण.

केबल सिलेक्ट (मास्टर-स्लेव्ह कोण हे केबलवरच्या जागेने ठरवणं) वापरायचं असेल तर ८० तारांची केबल हवी. तिचं निळं टोक मदरबोर्डला, काळं टोक मास्टरला आणि मधला करडा कनेक्टर स्लेव्हला. केबलची लाल कड म्हणजे १ नंबरची पिन, ती जवळजवळ सगळ्या ड्राइव्हवर पॉवर सॉकेटच्या बाजूला येते. केबल उलटी बसली तर पॉवर आल्यापासून दिवा पेटलेलाच राहतो आणि बायोस पुढे सरकत नाही. अशा वेळी घाबरू नका, पीसी बंद करून केबल सरळ लावा.

एक जुनं दुखणं २००६ नंतरच्या मदरबोर्डांचं आहे. इंटेलने ९६५ मालिकेच्या चिपसेटसोबतच्या आयसीएच८ या चिपमधून आयडीई काढून टाकलं, तेव्हा मदरबोर्डवाल्यांनी जेमायक्रॉनसारखी वेगळी चिप लावून एक आयडीई सॉकेट राखलं. ती चिप बायोसमध्ये बंद असेल तर ड्राइव्ह दिसणारच नाही. चालू असली तरी एक्सपीच्या सीडीवरून इन्स्टॉल करताना गंमत होते: सीडीवरून बूट होतं आणि थोडं पुढे गेल्यावर सेटअपलाच सीडी सापडेनाशी होते, कारण त्या चिपचा ड्रायव्हर एक्सपीकडे नसतो. तिथे साटा रायटर तात्पुरता लावून, साटाचा मोड बायोसमध्ये आयडीई ठेवून काम उरकणं सगळ्यात सोपं.

बसवताना कोणते स्क्रू लावायचे?

एम३, म्हणजे बारीक आट्यांचे, ५ ते ६ मिलिमीटर लांबीचे. हार्ड डिस्कचे स्क्रू जाड आट्यांचे असतात. ते जोर लावून बसवले की ड्राइव्हच्या पत्र्यातले आटे जातात. लांब स्क्रू आत ट्रेच्या वाटेत येतो आणि ट्रे अडकायला लागतो. चार स्क्रू पुरेत, दोन्ही बाजूंना दोन-दोन.

नव्या पीसीला किंवा लॅपटॉपला हा ड्राइव्ह जोडता येईल का?

साटा असेल आणि मदरबोर्डवर साटा पोर्ट असेल तर थेट जोडा, विंडोज १० आणि ११ वेगळा ड्रायव्हर मागत नाहीत. अडचण कॅबिनेटची येते, कारण हल्लीच्या कॅबिनेटला सव्वापाच इंची जागाच नसते. मग ड्राइव्ह बाहेर टेबलावर आडवा ठेवून यूएसबी अडॅप्टरने जोडायचा.

इथे खूप जण फसतात. अडीच इंची हार्ड डिस्कसाठी मिळणारी स्वस्त यूएसबी-साटा केबल फक्त ५ व्होल्ट देते. डेस्कटॉपच्या रायटरला ५ आणि १२ असे दोन्ही व्होल्ट लागतात. त्यामुळे दिवा लागतो, कधी कधी पीसीला नावही दिसतं, पण डिस्क फिरत नाही. ड्राइव्हच्या स्टिकरवर दोन्ही व्होल्टचे अँपिअर छापलेले असतात, साधारण दीड ते दोनच्या घरात. तेव्हा १२ व्होल्ट, २ अँपिअरचा स्वतंत्र अडॅप्टर सोबत येणारंच कन्व्हर्टर घ्या. आयडीई ड्राइव्हसाठीही असं कन्व्हर्टर मिळतं; त्यावर लावताना जंपर मास्टरला ठेवा.

मोलेक्सवरून साटा पॉवर करणारा तुकडा घेणार असाल तर त्याचं साटाकडचं डोकं बघून घ्या. तारा प्लॅस्टिकमध्ये ओतून बंद केलेल्या तुकड्यांत आतल्या तारा एकमेकींना टेकून जळण्याचे प्रकार झालेले आहेत. तारा खाचेत दाबून बसवलेल्या आणि मागून झाकण लावलेला तुकडा बरा.

ट्रे उघडत नाही. बटण दाबलं की नुसती घरघर होते.

मोटर फिरतेय आणि पट्टा घसरतोय. जुन्या ड्राइव्हचं हे ठरलेलं दुखणं आहे, आणि दुरुस्त होण्याजोगंही.

आत काय घडतं ते कळलं की दुरुस्ती सोपी वाटते. ट्रेखाली पुढच्या बाजूला एक लहान मोटर असते. तिच्या पुलीवरून रबराचा बारीक पट्टा मोठ्या पुलीवर जातो आणि तिथून गिअर ट्रेच्या दात्यांना सरकवतात. पण ट्रे हलण्याआधी गिअरला आणखी एक काम करायचं असतं: स्पिंडल मोटर (डिस्क फिरवणारी) आणि लेझर असलेली अख्खी चौकट खाली उतरवायची. डिस्कला वरून दाबून धरणारी चकती चुंबकाने स्पिंडलला चिकटलेली असते, ती आधी सुटायला हवी. सगळ्यात जास्त जोर याच क्षणी लागतो. पट्टा नवा असताना हे कळतही नाही. दहा-बारा वर्षांनी रबर कडक आणि गुळगुळीत होतं आणि नेमका इथे हार खातो. ड्राइव्ह रिकामा असला तर चकती आणि स्पिंडल यांच्यामध्ये डिस्कही नसते, चुंबक आणखी घट्ट धरतो. म्हणून कुरकुरणाऱ्या ड्राइव्हमध्ये एखादी नकोशी डिस्क कायम ठेवून दिली तर तो काही महिने जास्त चालतो.

उघडायचं असं. आधी पीसी पूर्ण बंद करा. पुढच्या पट्टीवर टाचणीच्या डोक्याएवढं भोक असतं, त्यात सरळ केलेली पेपर क्लिप आत तीन-चार सेंटिमीटर जाऊ द्या आणि दाबा. ट्रे सेंटीमीटरभर बाहेर येतो, मग हाताने हळू ओढा. ट्रेच्या तोंडावरची प्लॅस्टिकची पट्टी खाचेतून सरकवून काढा. आता ड्राइव्ह कॅबिनेटबाहेर काढून पालथा करा, चार स्क्रू काढा, खालचा पत्रा उचला. पुढच्या प्लॅस्टिकच्या मुखवट्याला दोन्ही बाजूंना आणि खाली मिळून तीन खाचा असतात, त्या आत दाबल्या की मुखवटा निघतो. मग वरचं झाकण. पट्टा बहुतेक मॉडेलांत ट्रे पूर्ण बाहेर ओढला की वरूनच दिसतो आणि चिमट्याने निघतो.

पट्टा निघाला की दोन्ही पुल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या, त्यांवर रबराची काळी पूड बसलेली असते. नवा पट्टा मापाने घ्यायचा. जुना पट्टा दुमडून सपाट धरा आणि लांबी मोजा. समजा ४० मिलिमीटर आली, तर परीघ ८० आणि व्यास ८० भागिले ३.१४, म्हणजे साडेपंचवीस मिलिमीटर. जुना पट्टा ताणलेला असतो, म्हणून नवा एखादा मिलिमीटर लहान, २४ ते २५ चा घ्या. जाडी आणि आकारही सारखा हवा. बहुतेक पट्टे चौकोनी कापाचे असतात. टेपरेकॉर्डर आणि सीडी प्लेअरचे पट्टे ठेवणाऱ्या दुकानांत जुना पट्टा नेऊन दाखवला की जुळता मिळून जातो. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, ही अशा शोधाची जागा.

पट्टा मिळेपर्यंत जुनाच पाच मिनिटं उकळत्या पाण्यात टाकून, कोरडा करून लावता येतो. तो थोडा आखडतो आणि मऊ होतो. काही आठवडे निभावतं, पुढे पुन्हा तेच. ऑफिसातलं पिवळं रबर बँड लावू नका. ते वाळून तुटतं आणि तुकडे गिअरमध्ये अडकतात.

ट्रे आत जातो आणि लगेच बाहेर येतो.

ट्रे पूर्ण आत गेल्याची खूण देणारा छोटा स्विच धुळीने नीट लागत नाहीये, किंवा तोच सैल पट्टा चौकट पूर्ण वर चढवू शकत नाहीये. हाताने हलकेच आत रेटल्यावर ट्रे राहत असेल तर पट्टाच.

सीडी वाचतो पण डीव्हीडी वाचत नाही. असं कसं?

कारण लेझर दोन आहेत. सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा अवरक्त, डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा लाल. दोघे एकाच लेन्समधून बाहेर पडतात, पण डायोड वेगळे असल्याने एक थकून दुसरा चालू राहू शकतो. डीव्हीडीवरच्या खुणा सीडीपेक्षा बारीक, रांगा जवळजवळ, म्हणून लेन्सवर धूळ बसली की आधी डीव्हीडी हट्ट करते. उलट, डीव्हीडी छान चालतात आणि सीडी अजिबात नाही, असं असेल तर धुळीवर संशय कमी, सीडीच्या लेझरवर जास्त. आधी लेन्स साफ करा. फरक पडला नाही तर तो ड्राइव्ह जे वाचतो त्यासाठी वापरा आणि दुसरा शोधा. लेझरचा अख्खा डोलारा बदलण्यात पैसे घालवण्यापेक्षा जुना चालू ड्राइव्ह स्वस्त पडतो.

लेन्स नेमकी कशी साफ करायची?

ब्रश लावलेली क्लीनिंग डिस्क मिळते, हलक्या धुळीला ती चालते. चिकट थर बसला असेल, म्हणजे स्वयंपाकघराशेजारची खोली, उदबत्ती, सिगारेट, तर हाताने पुसावं लागतं. वर सांगितल्याप्रमाणे झाकण काढलं की चौकटीच्या फटीत निळसर चमकणारा बारीक भिंगाचा ठिपका दिसतो. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, मोबाईल दुरुस्तीच्या सामानाच्या दुकानांत ते आयपीए म्हणून मिळतं. कानाच्या कापसाच्या काडीवर एक थेंब, काडी निथळून, लेन्सवर केवळ तिच्या वजनाने दोन-तीन गोल फिरवा. लगेच दुसऱ्या कोरड्या काडीने तसंच.

लेन्स चार बारीक तारांवर तरंगती टांगलेली असते. ती खालीवर हलते यात बिघाड नाही, पण तिच्यावर बोट दाबलं तर तारा वाकतात आणि ड्राइव्ह तिथेच संपतो. ॲसिटोन किंवा थिनर कधीही नाही. लेन्स प्लॅस्टिकची असते, पांढुरकी होऊन जाते. फुंकर मारू नका, थुंकीचे थेंब जातात.

झाकण उघडं असताना पॉवर देऊ नका. रायटरचा लेझर लिहिण्याच्या ताकदीचा असतो आणि सीडीचा किरण तर डोळ्याला दिसतही नाही.

लेझरचा स्क्रू फिरवून ताकद वाढवता येते म्हणतात?

जुन्या सीडी प्लेअरांत लोक ते करत. रायटरमध्ये नका करू. लिहिण्याची ताकद ड्राइव्ह दर डिस्कवर स्वतः मोजून ठरवतो, त्यात हात घातला की वाचणंही जातं.

डिस्क अर्ध्यापर्यंत चालते आणि मग अडकते.

डिस्क आतून बाहेर वाचली जाते, म्हणजे शेवटचा भाग बाहेरच्या कडेला. बोटांचे ठसे, ओरखडे आणि वाकलेपणा कडेलाच जास्त त्रास देतात. दुसऱ्या डिस्कही त्याच सुमारास अडकत असतील तर मात्र ड्राइव्ह बघा. लेझर ज्या दोन दांड्यांवरून सरकतो, त्यांवरचं ग्रीस वाळून मेणासारखं होतं. जुनं पुसा, मोहरीच्या दाण्याएवढं पांढरं लिथियम किंवा सिलिकॉन ग्रीस दांडीवर आणि आटेदार स्क्रूवर लावा, लेझर हाताने एकदा टोकापर्यंत नेऊन परत आणा. शिलाई मशीनचं तेल नको. ते उडून लेन्सवर बसतं आणि पट्ट्यावर गेलं की पुन्हा घसरायला लागतं.

दुहेरी थराच्या सिनेमाच्या डीव्हीडी बरोबर मधोमध अडकत असतील तर ती थर बदलण्याची जागा असते. अशक्त लेझर तिथे धडपडतो.

एक्सपीवर कॉपी फार हळू होते आणि माउससुद्धा अडकत चालतो.

आयडीई चॅनल पीआयओ या संथ, प्रोसेसरला राबवणाऱ्या मोडवर घसरलंय. एक्सपीला त्या चॅनलवर सहा वेळा चूक किंवा टाइमआउट दिसला की ते एक-एक पायरी खाली उतरतं आणि आपणहून वर येत नाही. एखादी ओरखडलेली डिस्क वाचायचा हट्ट केला तरी हे होतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये सेकंडरी आयडीई चॅनलवर उजवी क्लिक, ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज, तिथे करंट ट्रान्सफर मोड बघा. पीआयओ दिसलं तर ते चॅनल अनइन्स्टॉल करून पीसी रीस्टार्ट करा, विंडोज ते नव्याने शोधून डीएमए हा वेगवान मोड लावतं. पुन्हा पुन्हा घसरत असेल तर केबल बदला.

५२एक्स, १६एक्स म्हणजे नक्की किती वेग?

सीडीचा १एक्स म्हणजे सेकंदाला १५० केबी, डीव्हीडीचा १एक्स म्हणजे सुमारे १.३८ एमबी. म्हणून ५२एक्स सीडी फार तर साडेसात-आठ एमबी, आणि १६एक्स डीव्हीडी सुमारे २२ एमबी. हा आकडा फक्त बाहेरच्या कडेला गाठला जातो, आत वेग अर्ध्याहूनही कमी असतो. पूर्ण डीव्हीडी लिहायला १६एक्सने सहा मिनिटांच्या आसपास, ८एक्सने आठ-नऊ, ४एक्सने चौदा-पंधरा मिनिटं लागतात. वाचवायची मिनिटं एवढीच आहेत. त्यासाठी १६एक्सचा आग्रह धरू नये.

मग लिहिताना कोणता वेग ठेवावा?

१६एक्स छापलेल्या डीव्हीडीवर ८एक्स. सीडीवर १६ ते २४एक्स. सगळ्यात कमी वेग सगळ्यात चांगला, हा समज सीडीच्या सुरुवातीच्या काळातला. आताच्या डिस्कचा रंगद्रव्याचा थर जास्त वेगासाठी बनवलेला असतो आणि १ किंवा २एक्सवर उलट वाईट निकाल येऊ शकतो.

"पॉवर कॅलिब्रेशन एरर" येते.

लिहायच्या आधी ड्राइव्ह डिस्कच्या अगदी आतल्या कडेला, राखून ठेवलेल्या जागेत, लेझरची ताकद कमीजास्त करून चाचणी घेतो. तिथे योग्य ताकद सापडली नाही की हा संदेश. तीन शक्यता: डिस्क वाईट, लेन्स मळकी, लेझर थकलेला. त्याच क्रमाने तपासा. दुसऱ्या कंपनीची डिस्क घेऊन बघा, कारण कोणत्या डिस्कवर कशी ताकद लावायची याची यादी ड्राइव्हच्या फर्मवेअरमध्ये (आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) असते आणि त्यानंतर बाजारात आलेल्या डिस्क त्याला अनोळखी असतात. उत्पादकाचं शेवटचं फर्मवेअर टाकलं तर ही यादी थोडी वाढते.

कपाटात पडलेल्या जुन्या कोऱ्या डिस्कही तपासूनच वापरा. भारतात त्या काळात घरोघरी मोझर बेअरच्या डिस्क असत; ती कंपनी २०१८ मध्ये अवसायनात गेली, म्हणजे तिची कोणतीही सीलबंद डिस्क आता बरीच जुनी आहे. कोऱ्या डिस्कचा थरही वयाने खराब होतो. एक लिहून, पूर्ण परत वाचून बघा, मगच बाकीच्या वापरा.

लिहिलेली डिस्क माझ्या पीसीवर चालते, दुसरीकडे नाही.

बहुतेक वेळा डिस्क बंद, म्हणजे फायनलाइज, केलेली नसते. विंडोजने लिहिताना "यूएसबी ड्राइव्हसारखी" हा पर्याय निवडला असेल तर साध्या प्लेअरला ती कळत नाही. "सीडी/डीव्हीडी प्लेअरसाठी" हा दुसरा पर्याय घ्या. बर्निंग सॉफ्टवेअरमध्ये फायनलाइज किंवा क्लोज डिस्कवर खूण हवी. फारच जुना प्लेअर असेल तर प्लसपेक्षा (डीव्हीडी+आर) मायनस (डीव्हीडी-आर) डिस्क त्याला जास्त मानवते.

४.७ जीबीची डिस्क ४.३८ का दाखवते?

डिस्कवाले १००० ने मोजतात, विंडोज १०२४ ने. चोरी नाही. दुहेरी थराची ८.५ जीबीची डिस्क तशीच ७.९६ दिसते.

लग्नाची व्हीसीडी कॉपी होत नाही, पण प्लेअरवर चालते.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि साहजिक आहे. दोन हजारच्या दशकात घरोघरच्या लग्नांच्या, मुंजींच्या कॅसेटी व्हीसीडीवर उतरवून दिल्या गेल्या. एका डिस्कवर ७४ ते ८० मिनिटं, म्हणून एका लग्नाच्या दोन-तीन डिस्क. हळदीची, लग्नाची आणि वरातीची.

व्हीसीडीवर चित्रफीत वेगळ्या पद्धतीने लिहिलेली असते. साध्या डेटा सीडीच्या प्रत्येक सेक्टरमध्ये (माहितीच्या छोट्या तुकड्यात) २०४८ बाइट माहिती आणि बाकी जागा चुका दुरुस्त करण्यासाठी. व्हीसीडीत ही दुरुस्तीची जागाही चित्राला देऊन सेक्टरमध्ये २३२४ बाइट भरलेले असतात. ओरखड्याखालचा सेक्टर गेला की प्लेअर चौकटभर चित्र विस्कटून पुढे जातो, विंडोज मात्र "कॉपी करता येत नाही" म्हणून थांबतं.

डिस्क आधी धुवा: कोमट पाणी, भांडी घासायच्या पातळ साबणाचा थेंब, बोटांनी मधून कडेकडे सरळ रेषेत. गोल फिरवून पुसू नका. माहितीच्या गोल वाटेने पडलेला ओरखडा सलग माहिती घालवतो. मऊ सुती कापडाने टिपा. मग डिस्कमधल्या एमपीइजीएव्ही फोल्डरमधली डीएटी फाइल व्हीएलसी प्लेअरमध्ये उघडून चालते का बघा. कॉपी आयसोबस्टरसारख्या सॉफ्टवेअरने करा, ते खराब सेक्टर सोडून पुढे जातं. लिनक्सवर व्हीसीडीइमेजरमधलं व्हीसीडीएक्सरिप हेच काम करतं. डीएटी फाइलचं नाव नुसतं एमपीजी करून कधी चालतं, कधी नाही. एमपीजीत बदलताना पुन्हा एन्कोड (चित्र नव्याने दाबून लहान) करू नका; मूळ चित्र ३५२ बाय २८८ चं आहे, त्याचा आणखी चुरा होतो.

लग्न डीव्हीडीवर असेल तर काम हलकं. व्हिडिओ टीएस फोल्डर अख्खं कॉपी करा. अडलं तर लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू हे सॉफ्टवेअर वापरा. त्याची खुबी अशी की कुठले सेक्टर मिळाले, कुठले राहिले याची नोंद वेगळ्या फाइलमध्ये राहते. तीच डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून तीच नोंद पुढे चालवा. एकाला न वाचता आलेले सेक्टर दुसरा वाचतो, असं पुष्कळदा होतं. त्यासाठी दोन वेगळ्या कंपन्यांचे जुने ड्राइव्ह जवळ असणं सोन्यासारखं. ऑडिओ सीडी आणि व्हीसीडीसाठी मात्र ही युक्ती चालत नाही.

लेबलच्या बाजूचा ओरखडा पॉलिशने जाईल का?

सीडीचा नाही. सीडीची चमकणारी पातळ चादर लेबलच्या लगेच खाली असते, वर फक्त लाखेचा पापुद्रा. ती खरवडली की माहितीच गेली. उजेडासमोर धरून आरपार ठिपके दिसले तर तिथे काही उरलेलं नाही. डीव्हीडी ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवून केलेली असते, चादर मध्ये सुरक्षित. वरचा ओरखडा तिला सहसा बाधत नाही. कोकणात दमट कपाटात ठेवलेल्या डिस्कवर बुरशीची जाळी दिसते, ती वरवर असेल तर साबणपाण्याने जाते.

विंडोजमध्ये ड्राइव्हवर पिवळं उद्गारचिन्ह आहे.

बायोसमध्ये ड्राइव्ह दिसतोय आणि विंडोजमध्ये कोड १९, ३९ किंवा ४१ येतोय, तर बर्निंगचं एखादं सॉफ्टवेअर काढताना रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत) कचरा राहिलाय. रजिस्ट्री एडिटरमध्ये लोकल मशीन, सिस्टिम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, क्लास असं जा. तिथे ४डी३६ई९६५ ने सुरू होणारी 'की' (नोंदींचा फोल्डर) निवडा. उजवीकडे तिचा क्लास सीडीरॉम असल्याची खात्री करा. आधी ती एक्सपोर्ट करून ठेवा. मग अपर फिल्टर्स आणि लोअर फिल्टर्स या दोन नोंदी असतील त्या पुसा आणि रीस्टार्ट करा. याच्या शेजारच्या कींमध्येही त्याच नावाच्या नोंदी असतात. त्यांना हात लावलात तर कीबोर्ड नाहीतर हार्ड डिस्कच जायची.

परदेशातून आणलेली सिनेमाची डीव्हीडी चालत नाही.

सिनेमाच्या डीव्हीडीला जगाच्या भागानुसार रिजनचा आकडा असतो आणि तो ड्राइव्हच्या रिजनशी जुळावा लागतो. भारत रिजन ५ मध्ये येतो, अमेरिका १ मध्ये, युरोप आणि जपान २ मध्ये. २००० सालापासूनच्या ड्राइव्हमध्ये रिजन फक्त पाच वेळा बदलता येतो आणि पाचव्यानंतर तो तिथेच कायमचा थांबतो. ही मोजणी ड्राइव्हमध्येच असते, विंडोज नव्याने टाकून ती शून्य होत नाही. व्हीसीडी आणि घरी लिहिलेल्या डिस्कना रिजनचा प्रश्नच नाही. विंडोज ८ पासून विंडोजबरोबर डीव्हीडी सिनेमा चालवण्याची सोय येत नाही, व्हीएलसी टाका.

डिस्क घातली की अख्खं कॅबिनेट थरथरतं.

डिस्कचा तोल गेलाय. एका बाजूला चिकटवलेलं कागदी लेबल, हे नेहमीचं कारण. मधल्या भोकाजवळ बारीक तडा असेल तर ती डिस्क पूर्ण वेगाने चालवूच नका. ५२एक्सला ती मिनिटाला दहा हजारच्या घरात फेरे घेते आणि तडकलेली डिस्क आत फुटते. मग तुकडे वेचण्यात ड्राइव्ह जातो. तरी वाचायचीच असेल तर वेग कमी करणाऱ्या सॉफ्टवेअरने ४ ते ८एक्सवर बांधा आणि एकदाच कॉपी काढा.

वापरलेला ड्राइव्ह विकत घेताना काय बघू?

ट्रे रिकामा ठेवून दहा वेळा उघडा-बंद करा, पट्ट्याची परीक्षा तिथेच होते. मग तीन डिस्क घालून बघा: छापील ऑडिओ सीडी, लिहिलेली डीव्हीडी, आणि दुहेरी थराची सिनेमाची डीव्हीडी, तिचा शेवटचा भाग चालवून. वरच्या स्टिकरवर बनवल्याचा महिना-वर्ष असतं. पुढच्या पट्टीवरच्या नावापेक्षा खरा निर्माता स्टिकरवर कळतो: हिताची-एलजी, तोशिबा-सॅमसंग, ऑप्टिआर्क, लाइट-ऑन. बाकी बरीच नावं याच कारखान्यांचे ड्राइव्ह आपल्या नावाने विकत. फक्त वाचायला हवा असेल तर जुना चालेल. लिहायला हवा असेल तर जिथे मिळेल तिथे नवाच साटा घ्या.

पूर्णच गेलेल्या ड्राइव्हचं काय करू?

पट्टा, ट्रेची मोटर, गिअर आणि पुढची पट्टी काढून ठेवा, त्याच मॉडेलच्या दुसऱ्याला लागतात. लेझर डायोड काढून बॅटरीवर पेटवण्याचे व्हिडिओ दिसतात. मुलांना त्यापासून लांब ठेवा, लिहिणारा लाल डायोड क्षणात डोळा घालवू शकतो. उरलेला सांगाडा भंगारवाल्याला न देता ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर द्या. आणि त्याआधी ट्रेमध्ये कुणाची डिस्क अडकलेली नाही ना, ते पेपर क्लिपने उघडून बघा.